पैसे भरले, तरी वॉटरमार्क जात नाही तेव्हा

कुंभकोणमहून बोलतोय. मागे ठकठक ऐकू येतेय ती शेजारच्या गल्लीतल्या पितळी भांड्यांच्या कामाची. थांबा म्हटलं तर ते बिचारे थांबतील, पण त्यांची मजुरी बुडेल. तेव्हा ती तशीच चालू देऊ.

आजचा विषय किरकोळ वाटेल. व्हिडिओ एडिटिंगचं एखादं सॉफ्टवेअर आपण ट्रायल म्हणून उतरवून घेतो, त्यात चार दिवस खपतो, व्हिडिओ बाहेर काढतो आणि बघतो तर चित्राच्या मधोमध त्या कंपनीचं नाव. याला वॉटरमार्क म्हणतात. नोटेवर महात्मा गांधींचा वॉटरमार्क असला की नोट खरी. इथे उलटं, वॉटरमार्क असला की समजायचं, या माणसाने अजून पैसे भरलेले नाहीत. मग आपण पैसे भरतो. पैसे भरल्याची ईमेल येते. जुना व्हिडिओ उघडून बघतो, आणि नाव तिथेच! पुण्याहून आमच्या व्याह्यांनी हेच विचारलं, बडोद्याहून एका मित्राने हेच विचारलं, बेळगावच्या एका शाळामास्तरांनी तर रात्री साडेदहाला फोन करून विचारलं. सगळ्यांचा प्रश्न एकच: "आता सगळं पहिल्यापासून करायचं का हो?"

उत्तर आधीच देतो. नाही. बहुतेक वेळा अर्ध्या तासाचं काम असतं. फक्त एक अट आहे. ती अट मी पाळली नव्हती आणि त्याची किंमत मोजून बसलोय, म्हणून हे बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे असं समजा.

माझं सासर इथलं, तंजावरी मराठी. तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल, व्यंकोजीराजांनी १६७६च्या सुमारास तंजावरला राज्य उभं केलं, ते १८५५ साली इंग्रजांनी खालसा केलं. राज्य गेलं, पण त्याबरोबर आलेल्या घरांतली मराठी गेली नाही. आजही इथे घराघरांत ती बोलली जाते. शाळा तमिळमध्ये झालेली असते, त्यामुळे पुष्कळ जण ती तमिळ लिपीत लिहितात. आपल्या कानाला ती सुरुवातीला अनोळखी लागते. मला सहा महिने लागले होते.

माझ्या पत्नीच्या आत्या, वय चौऱ्याऐंशी, या भाषेतली शेवटची गाणारी आमच्या घरातली. पाळणे, मंगळागौरीसारखी खेळाची गाणी, लग्नात विहिणीला चिडवण्याची गाणी. मध्येच तमिळ शब्द, चाल कधी कर्नाटक रागाच्या अंगाने जाणारी. हे कुठे छापलेलं नाही. मी निवृत्तीनंतर इथे आलो, हातात वेळ होता, म्हणून एक दिवस मोबाइल तिवईवर लावला आणि म्हटलं, आत्या, म्हणा. चार दुपारी मिळून अकरा क्लिप झाल्या, सगळ्या मिळून पावणेदोन तास.

मग एडिटिंग. एक सॉफ्टवेअर ट्रायलवर घेतलं. नाव सांगत नाही, चूक त्याची नव्हती. खोकले काढले, कुकरच्या शिट्ट्या काढल्या, खाली देवनागरीत आणि तमिळमध्ये ओळी टाकल्या. तीन आठवडे गेले. व्हिडिओ तयार झाला, वॉटरमार्कसकट. घरात सगळ्यांनी टीव्हीवर पाहिला, आत्यांनी पण पाहिला, "केस तेवढे नीट विंचरायला हवे होते" म्हणाल्या. वॉटरमार्ककडे कोणाचं लक्षही नव्हतं. मी ठरवलं, सावकाश विकत घेऊ, घाई काय आहे.

पुढे दोन महिन्यांनी लॅपटॉप भरला. मी मोठ्या शिस्तीत साफसफाईला बसलो. 'ओरिजिनल' नावाचा फोल्डर दिसला, बावीस जीबी. म्हटलं, तयार व्हिडिओ आहे ना, मग हे कशाला. उडवला. मोबाइलवरून तर कधीच उडवलं होतं. रिसायकल बिनसुद्धा रिकामा केला. छत्तीस वर्षं फौजेत काढलेला माणूस, स्टोअरमधला बोल्ट सही घेतल्याशिवाय हलू दिला नाही, आणि इथे एका क्लिकवर सगळं साफ.

त्यानंतरच्या मार्गळीत आत्या गेल्या.

वर्षश्राद्धाला सगळे नातेवाईक जमणार होते. प्रत्येकाला पेनड्राइव्हवर गाणी द्यायची ठरलं, तेव्हा मी सॉफ्टवेअर विकत घेतलं, प्रोजेक्ट उघडला. खिडकीत अकराच्या अकरा क्लिपच्या जागी लाल पट्टा आणि 'मीडिया ऑफलाइन'. माझे कट होते, खालच्या ओळी होत्या, तीन आठवड्यांची सगळी मेहनत होती. फक्त आत्या नव्हत्या.

असं का झालं, ते नीट समजून घ्या, कारण वॉटरमार्क जाणं आणि न जाणं याच एका गोष्टीवर आहे.

फौजेत आम्ही नकाशावर थेट काही लिहीत नसू. नकाशावर पारदर्शक प्लास्टिकचा कागद पसरायचा, त्याला टाल्क म्हणायचो, आणि त्यावर चायनाग्राफ पेन्सिलीने आपली ठाणी, शत्रूची ठाणी, वाटा दाखवायच्या. बेत बदलला की टाल्क पुसायचा. खालचा नकाशा कोरा तो कोराच. एडिटिंगचा प्रोजेक्ट म्हणजे हा टाल्क आहे. त्यात तुमचा व्हिडिओ नसतोच. त्यात फक्त नोंदी असतात: अमुक ड्राइव्हवरच्या अमुक फोल्डरमधली अमुक फाइल, तिच्या चौथ्या सेकंदापासून एकोणिसाव्यापर्यंत घे, त्यावर हे अक्षर ठेव. म्हणून प्रोजेक्टची फाइल काही केबी किंवा एमबीची असते आणि क्लिपचा फोल्डर बावीस जीबीचा. मी टाल्क जपून ठेवला आणि नकाशा जाळला.

आता एक्सपोर्ट. इथून सात-आठ किलोमीटरवर स्वामिमलै आहे, तिथले स्थपती पंचलोहाच्या मूर्ती घडवतात. आधी मेणाची मूर्ती, तिच्यावर कावेरीच्या गाळाच्या मातीचे थर, मग तापवून मेण वितळवून बाहेर काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. मेणाच्या गालावर ओरखडा असेल तर बोटाने पुसता येतो. धातू ओतल्यावर तो ओरखडा धातूचा झालेला असतो. एक्सपोर्ट केलेला व्हिडिओ म्हणजे ओतलेली मूर्ती. वॉटरमार्क तिच्यावर चिकटवलेला नसतो, त्या चित्राच्या ठिपक्यांतच गेलेला असतो. त्याच्या खाली आत्यांचा गाल 'लपलेला' नसतो; त्या जागी गाल नाहीच, कंपनीच्या नावाचं अक्षर आहे. तुम्ही पैसे भरलेत हे त्या जुन्या फाइलला कळण्याचा काही मार्ग नाही. फरक एवढाच की स्वामिमलैला मेण वितळतंच, पद्धतच तशी आहे. आपल्याकडे ते आपण वितळवलं नाही तर शाबूत राहतं.

म्हणजे करायचं काय? जुन्या व्हिडिओच्या मागे लागायचं नाही. प्रोजेक्ट पुन्हा उघडायचा आणि नव्याने एक्सपोर्ट करायचा. ट्रायलमध्ये केलेलं काम वाया जात नाही, त्याच सॉफ्टवेअरच्या विकतच्या प्रतीत ते जसंच्या तसं उघडतं.

हे ऐकून बडोद्याचे मित्र म्हणाले, "तेच केलं, तरी आलं." तेव्हा जिथे जिथे अडतं ती ठिकाणं सांगतो.

सर्वात जास्त वेळा अडतं ते खात्यावर. ट्रायल घेताना एका ईमेलने नोंदणी केलेली असते, पैसे भरताना मुलाची ईमेल दिलेली असते, किंवा गूगलवाल्या बटणावरून आत गेलेलो असतो. सॉफ्टवेअरच्या दृष्टीने ही दोन माणसं आहेत, एकाने पैसे भरले, दुसरा अजून ट्रायलवर आहे. पावतीवरची ईमेल बघा, सॉफ्टवेअरमधून साइन आउट करा, त्या ईमेलने आत या, सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा उघडा. व्याह्यांचं काम इथेच संपलं. काही सॉफ्टवेअरमध्ये ट्रायल आणि विकतची प्रत हे वेगवेगळे प्रोग्रॅम असतात, किल्ली जुन्यात घालून भागत नाही. दाविंची रिझॉल्व्हचं असंच आहे. त्याची फुकट आवृत्ती वेगळी, स्टुडिओ आवृत्ती वेगळी, ती निराळी उतरवून बसवावी लागते. आणि हो, नव्या आवृत्तीत प्रोजेक्ट उघडण्याआधी त्याची एक प्रत बाजूला काढून ठेवा. नव्यात सेव्ह केलेला प्रोजेक्ट जुन्यात बहुधा उघडत नाही.

दुसरं ठिकाण फसवं आहे, तिथे चांगले जाणकार अडकतात. काम करताना चित्र अडखळू नये म्हणून सॉफ्टवेअर आधीच काही भाग तयार करून डिस्कवर ठेवतं. त्याला रेंडर फाइल किंवा कॅश म्हणतात. हा भाग ट्रायलच्या काळात तयार झालेला असेल, तर त्यात वॉटरमार्क उतरलेला असू शकतो. तुम्ही पैसे भरता, एक्सपोर्ट करता, आणि सॉफ्टवेअर आळशीपणाने तोच तयार भाग उचलून देतं. विशेषतः निराळे विकत मिळणारे इफेक्ट, ज्यांना प्लगइन म्हणतात, त्यांच्या ट्रायलचं नाव किंवा फुली असा मागे राहतो. म्हणून कॅश रिकामा करायचा. प्रीमियरमध्ये 'सिक्वेन्स' मेनूत 'डिलीट रेंडर फाइल्स' आहे. रिझॉल्व्हमध्ये 'प्लेबॅक' मेनूत 'डिलीट रेंडर कॅश'. आफ्टर इफेक्ट्समध्ये 'एडिट'खाली 'पर्ज'. घाबरू नका, यात तुमचं मूळ चित्रण जात नाही. मात्र पुसण्याआधी मेनूतले शब्द दोनदा वाचा. हे कोण सांगतोय ते लक्षात घ्या. एक्सपोर्टच्या खिडकीत प्रीमियरला 'यूज प्रीव्ह्यूज' अशी चौकट असते, रिझॉल्व्हला 'यूज रेंडर कॅश्ड इमेजेस'. त्या चौकटीत खूण असेल तर काढा.

बेळगावच्या मास्तरांचं तिसरंच निघालं. त्यांनी स्नेहसंमेलनाचा नाच आधी वेगळा एक्सपोर्ट केला होता, वॉटरमार्कसकट, आणि तो तयार तुकडा मोठ्या प्रोजेक्टमध्ये आणून जोडला होता. आता मोठा प्रोजेक्ट कितीही स्वच्छ काढा, त्या तुकड्यावरचं नाव कसं जाणार? सॉफ्टवेअरला ते नाव म्हणजे चित्राचाच भाग. त्यांनी नाचाचा छोटा प्रोजेक्ट उघडला, तो नव्याने काढला, जुन्या तुकड्याच्या जागी नवा ठेवला, काम झालं. जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये क्लिपवर उजवं क्लिक केलं की 'रिप्लेस' असा पर्याय असतो. कट, मजकूर सगळं जागेवर राहून फक्त आतली फाइल बदलते. इंटरनेटवरून घेतलेले नमुन्याचे फोटो किंवा दर पंधरा सेकंदांनी बाई कंपनीचं नाव घेते ते नमुन्याचं संगीत, यांचंही तसंच. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरचे पैसे भरले म्हणून फोटोवाल्याचे पैसे भरले असं होत नाही. ते वेगळे घ्यायचे आणि रिप्लेस करायचे.

शेवटी नव्या नावाने एक्सपोर्ट करा, जुन्यावर लिहू नका, आणि पूर्ण व्हिडिओ डोळ्यांनी बघा. पहिलं मिनिट बघून फोन करू नका.

आता माझं. मूळ चित्रण गेलेलं, तर काय काय करता येतं, ते मी सगळं करून पाहिलं.

मेमरी कार्डावरून किंवा जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून उडवलेली फाइल लगेच नष्ट होत नाही, तिची जागा 'रिकामी' अशी फक्त नोंद होते. त्यावर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत ती परत मिळण्याची आशा असते. फोटोरेक नावाचा फुकट प्रोग्रॅम हे काम करतो. चूक लक्षात आली की त्या कार्डावर पुढे एकही फोटो काढायचा नाही, हे पहिलं. माझ्या लॅपटॉपला मात्र एसएसडी होती. तिला संगणक स्वतःच कळवतो की अमुक जागा रिकामी झाली, आणि ती ती जागा खरोखरच पुसून टाकते. याला ट्रिम म्हणतात. वेगासाठी केलेली सोय आहे. मला काही मिळालं नाही. मोबाइलच्या आतल्या साठ्यात सगळं कुलूपबंद असतं, तिथेही आशा कमीच. गूगल फोटोजच्या कचरापेटीत बॅकअप घेतलेली गोष्ट ६० दिवस राहते, न घेतलेली ३०. मी दहा महिने उशिरा पोचलो.

मग वॉटरमार्क पुसणारे प्रोग्रॅम. एफएफएमपेगमध्ये 'डीलोगो' म्हणून एक फिल्टर आहे, तो त्या चौकोनाच्या कडेचे रंग आत पसरवतो. कोपऱ्यात आभाळावर छोटं चिन्ह असेल तर चालून जातं. चेहऱ्यावर वापरलं तर गालाच्या जागी धुक्याचा पट्टा येतो. हल्लीचे एआयवाले त्या जागी गाल काढून देतात, पण तो गाल त्यांनी कल्पनेने काढलेला असतो. मी एक करून पाहिला. पत्नीने एकदा बघितलं आणि म्हणाली, "ही आत्या नव्हे." तिथे तो विषय संपला.

दुसऱ्याच्या ट्रायलवरचं नाव असं पुसून व्हिडिओ वापरणं, किंवा कुणा पोराकडून 'क्रॅक' आणणं, यावरही लोक विचारतात. कॉपीराइटच्या १९५७च्या कायद्यात २०१२ साली ६५अ हे कलम आलं, संरक्षणासाठी घातलेलं तांत्रिक कुलूप हक्कभंगाच्या हेतूने तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. सॉफ्टवेअरची चोरलेली प्रत जाणूनबुजून वापरण्यालाही ६३ब खाली किमान सात दिवसांची शिक्षा आहे. शिवाय क्रॅकसोबत व्हायरस येतो तो तुमच्या पेन्शनच्या खात्यापर्यंत पोचतो. खिशाला परवडत नसेल तर केडेनलाइव्ह आणि शॉटकट हे दोन प्रोग्रॅम पूर्णपणे फुकट आहेत, कुठलंही नाव उमटवत नाहीत. रिझॉल्व्हची फुकट आवृत्तीही उमटवत नाही, जोपर्यंत तुम्ही स्टुडिओतले राखीव इफेक्ट वापरत नाही. आत्यांची गाणी कापायला मला यातलं कुठलंही पुरलं असतं. तेव्हा माहीत नव्हतं.

तर मला मिळालं काय? दोन गोष्टी. पहिली माझ्या लक्षात यायला लाज वाटावी इतका वेळ लागला. वॉटरमार्क चित्रावर होता, आवाजावर नव्हता. एक्सपोर्ट केलेल्या व्हिडिओतला आवाज संपूर्ण स्वच्छ होता. गाण्यांसाठी मी हे सगळं केलं होतं आणि गाणी सगळीच्या सगळी माझ्याकडे होती! व्हिडिओतून आवाज तेवढा वेगळा काढणं पाच मिनिटांचं काम. तुमच्याकडेही असं जुनं काही अडकलं असेल तर आधी आवाज काढून बाजूला ठेवा.

दुसरं, चित्रणाच्या वेळी माझी भाची शेजारी बसली होती. तिने त्याच दिवशी पाच मूळ क्लिप घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकल्या होत्या. त्या कोइमतूरच्या मेहुण्यांच्या फोनमध्ये सापडल्या, त्यांना काही उडवता येत नाही म्हणून राहिलेल्या. व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करतं, त्यामुळे चित्र मऊ झालंय. डॉक्युमेंट म्हणून पाठवल्या असत्या तर मूळच्या तशाच पोचल्या असत्या. पण वॉटरमार्क नाही. मी प्रोजेक्ट उघडला, लाल पट्ट्यावर 'रिलिंक' करून या पाच फाइली दाखवल्या, आणि माझे कट, खालच्या ओळी, सगळं आपापल्या जागी येऊन बसलं. आवाज जुन्या एक्सपोर्टमधला लावला. उरलेल्या सहांपैकी पाच गाण्यांवर तिचे जुने फोटो ठेवले.

सहाव्यात आत्या पाळण्याची एक ओळ विसरतात, थांबतात, कॅमेऱ्याकडे बघून हसतात आणि पुन्हा पहिल्यापासून धरतात. तिथे फोटो ठेवून चालत नाही. ते गाणं मी वॉटरमार्कसकट तसंच ठेवलं आहे, आडवं नाव गालावरून गेलेलं. वर्षश्राद्धाला सगळ्यांना जो पेनड्राइव्ह दिला त्यात ते शेवटी आहे.

आता अकराही गाणी, जशी आहेत तशी, प्रोजेक्टच्या फोल्डरसकट दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर आहेत, एक इथे आणि एक कोइमतूरला मेहुण्यांकडे. पुढच्या वेळी एकाच व्हिडिओत देवनागरी आणि तमिळ अशा दोन लिप्यांतल्या ओळी कशा टाकायच्या ते दाखवतो. तिथे फॉन्टची एक गंमत आहे. नमस्कार.